विंचूवाली डबी

बँकॉकच्या विमानतळाबाहेर पाऊल टाकलं आणि ओला गरम वारा तोंडावर आला, तशा माझ्या सासूबाई थबकल्या. तोंडावरचा पदर त्यांनी जरासा बाजूला केला, हवा हुंगली आणि म्हणाल्या, “हे तं आपल्या घरासारखंच हाये बाप्पा. एवढ्या दूर कायले आलो मंग?” आणि पदर परत तोंडावर ओढून घेतला. तो पदर तोंडावरून कायमचा उतरावा म्हणूनच आम्ही एवढ्या दूर आलो होतो, आणि हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं.

झालं असं होतं की आदल्या वर्षी खळ्यावर धानाची पोती उतरवताना ट्रॉलीचं फाळकं सुटलं आणि सरळ त्यांच्या तोंडावर बसलं. खालचे समोरचे दात गेले, हाडाचाही तुकडा गेला. गोंदियाला कवळी बनवली, ती काही केल्या बसेना. तरी त्या ती घालून एका लग्नाला गेल्या. भर पंगतीत, व्याहीण समोर बसलेली असताना, कवळी सुटून पत्रावळीवरच्या वरणात पडली. पोरं हसली. मोठ्यांनीही हसू दाबलं, आणि ते दाबलेलं हसूच त्यांना जास्त लागलं. त्या दिवसापासून सासूबाई कोणासोबत जेवल्या नाहीत. घरातसुद्धा ताट घेऊन भिंतीकडे तोंड करून बसायच्या. ज्या बाईच्या घरून कोणी उपाशी परत जात नव्हतं, तिनं लग्न, बारसं, तेरवी सगळीकडे जाणंच बंद केलं.

माझे दीर बँकॉकला राइस मिलच्या मशिनी बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर. दिवाळीला घरी आले आणि मायला भिंतीकडे तोंड करून जेवताना पाहिलं, तर ताटावरून उठून आंगणात निघून गेले. हाडात स्क्रू बसवून त्यावर दात लावतात, ते नागपूरलाही होतं, पण त्यांनी हट्टच धरला की माझ्या डोळ्यासमोर होईल, माझ्या ओळखीच्या डॉक्टरणीकडे होईल. म्हातारीला एकटी पाठवायची कशी? मी आमगावच्या एका कॉन्व्हेंटमध्ये शिकवते, म्हणजे मला इंग्रजी येतं, असं घरानं ठरवून टाकलं होतं. नवऱ्याला उन्हाळी धानाचं रोवणं सोडून निघता येत नव्हतं. मग मीच. आणि खोटं कशाला बोलू, मलाही विमानात बसायचं होतं.

सालेकश्याहून गोंदिया, गोंदियाहून हावड्याची गाडी आणि कलकत्त्याहून विमान. विमान खाली उतरताना बांधाबांधाची धानाची शेतं दिसली, तेव्हा सासूबाईंनी खिडकीला नाक लावलं होतं. त्यानंतर मात्र आपल्यासारखं काही राहिलं नाही. टॅक्सी गुलाबी होती. रस्ता जमिनीवरून न जाता घरांच्या डोक्यावरून जात होता. खाली काळ्या पाण्याच्या नाल्या, त्यावर होड्या, विजेच्या खांबांवर तारांचे एवढे गुंते की आमचा लाइनमन बघून पळाला असता. तळलेल्या मासळीचा, मोगऱ्याचा आणि गटाराचा वास एकदमच येई. प्रत्येक इमारतीपुढे एका खांबावर छोटंसं सोनेरी घर, आणि त्या घरापुढे लाल सरबताची बाटली, आत स्ट्रॉ घातलेली. ही जागेच्या देवाची घरं आहेत, असं दिरांनी सांगितलं. सासूबाईंनी लगेच हात जोडले. आमच्याही शेताच्या धुऱ्या-बांधावर देव असतो, फक्त त्याला कोणी स्ट्रॉ देत नाही.

दिरांचं घर फार वरच्या मजल्यावर होतं. सासूबाई आत येऊन आधी सगळीकडे फिरल्या आणि विचारलं की आंगण कुठं आहे. आंगण नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा उतरला. मला वाटलं, म्हातारं माणूस, उघड्यावर बसायची सवय. त्यामागचं खरं कारण तेव्हा माझ्या ध्यानातच आलं नाही.

दुसऱ्या दिवशी दिरांनी आम्हाला दवाखान्यात सोडलं आणि ते कामावर गेले. चपला बाहेर काढायच्या होत्या, ते सासूबाईंना पटलं. डॉक्टरीण ठेंगणी, तरुण, हळू बोलणारी. तिनं फोटो काढले, हिरड्या दाबून पाहिल्या आणि मला समोर बसवून समजावून सांगितलं. हाड पातळ आहे. स्क्रू बसेल, पण जखम नीट भरली तरच. जखम बिघडली तर उरलेलं हाडही जाईल आणि मग दुसऱ्यांदा काही करता येणार नाही. म्हणजे संधी एकच. मी सासूबाईंना सांगितलं. त्यांनी मान हलवली, जशी शेताच्या मोजणीच्या वेळी आकडे न कळताही हलवतात.

मग तिनं विचारलं, तंबाखू खातात का? मी विचारलं. सासूबाईंचा अपमान झाला. तंबाखू? आमच्या घरात? आता आमच्याकडे शेंबडं पोरगं खर्रा खातं, सुपारी-तंबाखू घोटून केलेला तो खर्रा प्लास्टिकच्या पन्नीत बांधून खिशात असतोच. पण सासूबाईंनी घराच्या उंबरठ्याआत तो येऊ दिला नव्हता. दीर कॉलेजात असताना त्यांच्या खिशात खर्रा सापडला, तर या बाईनं सगळ्या मोहल्ल्यादेखत त्यांना झाडूनं बदडलं होतं. मी ही सगळी हकीगत माझ्या इंग्रजीत त्या डॉक्टरणीला रंगवून सांगितली. “नेव्हर,” म्हटलं, “शी हेट्स टोबॅको.” चांगली छाती फुगवून म्हटलं. डॉक्टरीण हसली. पण तिनं परत एकदा आरसा आत घातला, हिरड्यांच्या कडेच्या तपकिरी रेघा पाहिल्या आणि ऑपरेशनचा दिवस दिला.

सकाळी जाग आली ती पाण्याच्या आवाजानं. बाथरूमचं दार अर्धं उघडं होतं. सासूबाई बेसिनला टेकून उभ्या होत्या, डोळे अर्धे मिटलेले, बोट तोंडात, सावकाश हिरड्यांवरून फिरत होतं. पांढऱ्या बेसिनमध्ये तपकिरी फेस. कडेला गुडाखूची पत्र्याची डबी.

आता हे दृश्य मी जन्मापासून पाहत आलेली. आमच्या सगळ्या पट्ट्यात बायका पहाटे गुडाखू घासतात. काळं, ओलं, गुळासारखं मंजन. मागच्या आंगणात आजूबाजूच्या चारजणी जमतात, आपापली डबी काढतात, घासतात, थुंकतात आणि गावाचं बरंवाईट बोलून घेतात. ते घासल्याबिगर डोकं हलकं होत नाही, पोट साफ होत नाही, असं म्हणतात. माझी आई देवरीला हेच करायची. मला लहानपणी त्याच्या वासानं भोवळ यायची म्हणून मी पेस्टवर गेले, एवढाच काय तो फरक. कोणी त्याला तंबाखू म्हणत नाही. मंजनाला कोण तंबाखू म्हणेल?

पण कालचा प्रश्न माझ्या डोक्यात होता. मी डबी उचलली. झाकणावर विंचवाचं चित्र होतं. खाली बारीक अक्षरांत काय काय लिहिलेलं. मी उजेडात धरून वाचलं.

“आई, यात तंबाखू आहे.”

“मंजन हाये ते.”

मी म्हटलं, इथं लिहून आहे, तंबाखू जीव घेतो असं लिहून आहे, आणि हा विंचू सरकारनं त्याच धोक्यासाठी छापायला लावला आहे. तर त्या माझ्याकडे अशा बघायला लागल्या की जशी मीच वेडी-बह्याड. “तो छाप हाये अवं,” त्या म्हणाल्या. “विंचू छाप. नवीन माल येऊन राह्यला तवापासून.” दुकानदारानं म्हणे सांगितलं होतं की विंचूवाला माल जोरदार आहे.

मला हसू आलं आणि त्याच क्षणी हसू गेलंही. मी त्यांना परत सगळं सांगितलं. पातळ हाड, जखम, एकच संधी. सांगता सांगता त्यांचा चेहरा बदलत गेला. तोंड धुऊन त्या कमोडच्या झाकणावर बसल्या. मला वाटलं, आता म्हणतील की सांग त्या बाईला. त्यांनी माझा हात धरला.

“तिले सांगजो नोको. ते आपल्याले वापस धाडंल. अन् पोट्ट्याले तं मुळीच नोको. त्याले मी झाडूनं मारलं होतं.”

मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. डबी माझ्या पर्समध्ये टाकली आणि चहा ठेवायला गेले.  राग कोणावर करावा तेच कळेना. त्यांच्यावर? मग माझ्या आईवरही करावा लागला असता. दुकानदारावर? की माझ्यावर, जिनं एवढ्या तोऱ्यात ‘नेव्हर’ म्हटलं? सांगितलं तर ऑपरेशन रद्द आणि दिरांपुढे या बाईची मान खाली. नाही सांगितलं तर ते हाड माझ्या त्या एका शब्दामुळे सडणार. इंग्रजी येतं म्हणून कौतुकानं पाठवलं होतं ना, घे आता.

ऑपरेशनच्या आधी एक दिवस मोकळा होता. दिरांनी सुटी काढली, मायला शहर दाखवायचं म्हणून बिचारे उड्या मारत होते. नदीवर बोटीनं नेलं. काय ती नदी! आमची वैनगंगा तिच्यापुढे गरीब वाटली. दोन्ही काठांवर टोकदार सोनेरी कळस, उन्हात डोळे दिपवणारे. मी ते पाहायचं सोडून सासूबाईंना पाहत होते. सकाळपासून गुडाखू नाही, तर त्यांचं डोकं फुटत होतं. कपाळाला पदर गच्च बांधलेला. दीर नारळ घेऊन आले, तर त्यांच्या अंगावर ओरडल्या. दिरांना वाटलं, ऊन लागलं. ते माझ्याकडे बघून म्हणाले, वयनी, मायला इथलं पाणी मानवलं नाही वाटतं. मी होय म्हटलं. 

मग बाजार. ते शहर आधी आपल्या नाकात शिरतं आणि मग डोळ्यात. चिंचा, कैरीच्या फोडी तिखट-मिठासकट, फुलांच्या राशी, टोपल्यांत फडफडणारे मासे, आणि तांदळाचे ढीगच्या ढीग. एरवी सासूबाईंनी प्रत्येक ढिगात हात घातला असता. त्या सरळ पुढे चालत राहिल्या, आणि एका कोपऱ्यात थांबल्या. तिथं एक म्हातारी खाली बसून विड्याची पानं विकत होती. तिचे दात लाल-काळे. पानाला चुना लावून, सुपारी ठेवून, वर चिमूटभर काहीतरी काळं टाकून ती गुंडाळत होती. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. भाषा एक नाही, देश एक नाही, पण त्या म्हातारीनं ओळखलं बरं. तिनं हसून पान पुढे केलं. सासूबाईंचा हात गेला.

मी त्यांचं मनगट धरलं. भर बाजारात, सुनेनं सासूचं मनगट! आयुष्यात असं कधी केलं नव्हतं. त्यांनी सोडवायला पाहिलं, मी सोडलं नाही. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, तलफेचं की रागाचं, कोण जाणे. हळूच म्हणाल्या, “घरी गेल्यावर पाहतो तुले.” तेवढ्यात दीर मोगऱ्याचे गजरे घेऊन आले आणि काय झालं विचारायला लागले. काही नाही, म्हटलं. 

ऑपरेशनच्या दिवशी दीर आमच्यासोबत आत आले. सासूबाईंना खुर्चीवर झोपवलं, वरचा दिवा लावला, तबकात सुया मांडल्या. त्यांनी माझ्या ओढणीचं टोक मुठीत घट्ट धरलं होतं. डॉक्टरणीनं मास्क लावता लावता विचारलं, आधी सांगायचं राहून गेलेलं काही आहे का? औषध, आजार, तंबाखू?

माझं ततपप व्हायच्या आत दिरांनीच हसत उत्तर दिलं. नाही नाही, ते इंग्रजीत म्हणाले, माझी आई आणि तंबाखू? अहो, तंबाखूपायी तिनं मला झाडूनं मारलंय. डॉक्टरीण हसली. ती गोष्ट तिनं माझ्याकडून ऐकलेलीच होती. तिनं इंजेक्शन उचललं.

सासूबाई दिव्याखालून माझ्याकडे बघत होत्या. ओढणीचं टोक त्यांनी हिसडलं. एकदा, मग परत एकदा.

मी म्हटलं, “वेट.” पर्स उघडली आणि ती डबी सुयांच्या शेजारी तबकात ठेवली.

डॉक्टरणीला त्यावरचं वाचता येत नव्हतं, पण झाकण उघडून वास घेतला आणि तिला कळलं. इंजेक्शन खाली ठेवलं. दिवसातून किती वेळा, तिनं विचारलं.  सासूबाईंनी तोंड मिटलं आणि झोपल्या झोपल्याच पदर वर ओढला. दीर त्या डबीकडे बघत होते. मी वाट पाहत होते की आता ते मायवर चिडतील, नाहीतर माझ्यावर. ते अगदी हळू म्हणाले, “वयनी, ही डबी तं मीच आणून देत होतो दुकानातून. लहानपणी. रोज.”

डॉक्टरीण रागावली नाही. तिनं स्पष्ट सांगितलं की आज स्क्रू घातला असता तर जखम भरली नसती, हाड गेलं असतं. हे पूर्ण सुटलं पाहिजे, काही आठवडे जाऊ देत, हिरड्या पाहू, मग ठरवू. म्हणजे दार बंद झालं नव्हतं. मी ते शब्दन् शब्द मराठीत सासूबाईंना सांगितलं. त्यांनी पदराआडून ऐकलं की नाही, मला कळलं नाही. गुलाबी टॅक्सीत बसल्यावर त्या खिडकीकडे तोंड करून म्हणाल्या, “आता माह्याशी बोलजो नोको.”

त्या दिरांकडे राहिल्या. माझी शाळा होती, पोरीची परीक्षा होती, मी एकटी परत आले. विमानात रडले. सगळ्यांसमोर रडले, कोण काय म्हणेल याची पर्वा न करता. खरं बोलून एवढं वाईट वाटतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. आणि त्या एकट्या, आंगण नसलेल्या घरात, डोकं धरून बसल्या असतील, हेच डोळ्यासमोर येई.

फोन यायचे. माझ्या नवऱ्याशी बोलायच्या, नातीशी बोलायच्या, शेजारणीची गाय व्याली का तेही विचारायच्या. मी फोन घेतला की कट. दिरांकडून कळायचं की आज ताट भिरकावलं, आज दिवसभर लवंग चघळत बसल्या, आज रडल्या, आज खाली जाऊन त्या देवाच्या घराजवळ बसून आल्या. मग एक दिवस कळलं की डॉक्टरीण तयार झाली. मग कळलं की स्क्रू बसला. त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. दर फोनला मी एकच विचारी, जखम भरून राह्यली का? भरून राहिली होती. मग त्यावर दातही बसले.

त्या परतल्या तेव्हा मोहफुलं वेचून झाली होती आणि तेंदूपत्त्याची तोडाई चालू होती. दिरांनी कलकत्त्याहून त्यांना गाडीत बसवून दिलं आणि गोंदिया स्टेशनवर आम्ही घ्यायला गेलो. त्या उतरल्या, पदर खांद्यावर. लेकाला जवळ घेतलं, नातीचा मुका घेतला, हसल्या, आणि खालचे दात दिसले, रांगेनं, नीट. मी पाया पडले. त्यांनी बॅग माझ्या हातात दिली आणि पुढे निघाल्या. एक शब्द नाही. घरी आल्यावरही नाही. सगळं गाव भेटायला आलं, सगळ्यांशी बोलल्या. मी चहा देत होते, माझ्या हातून कप घेत होत्या, माझ्याकडे न बघता. राग आला मला. म्हटलं, दात कोणामुळे आले बाई तुला? पण मनातच म्हटलं.

पहाटे मी दूध तापवायला उठले. मागचं दार उघडं होतं. आंगणात नेहमीच्या बायका जमल्या होत्या आणि सासूबाई त्यांच्यात होत्या. शेजारची एकजण दात बघून कौतुक करत होती, आणि करता करता सवयीनं तिनं आपली डबी काढून सासूबाईंपुढे केली. माझा हात पातेल्यावर तसाच राहिला.

त्यांनी डबी घेतली. झाकण उघडलं. नाकाजवळ नेली. मी दारात उभी, ओरडावं की नाही कळेना, आणि ओरडायचा हक्क आपला उरला आहे का तेही कळेना. त्यांनी झाकण लावलं. मग मान वळवून सरळ माझ्याकडे पाहिलं.

“सूनबाई, इकडं ये. याच्यावर काय लिहून हाये ते वाच.”

मी ओल्या हातानं डबी घेतली.  पुटपुटत वाचलं. त्या म्हणाल्या, असं नाही, मोठ्यानं वाच, शाळेत पोट्ट्यांना वाचून दाखवतेस तसं. मी मोठ्यानं वाचलं. एकजण म्हणाली, अवं तो तर विंचू छाप आहे. सासूबाई म्हणाल्या, छाप नाही, मलाही तसंच वाटत होतं. मग त्यांनी पोरावरच्या झाडूपासून त्या तबकातल्या डबीपर्यंत सगळं आपल्या तोंडानं सांगितलं, काही लपवलं नाही. एकीनं ऐकता ऐकता बोट तोंडात घातलंच. बाकीच्यांच्या डब्या तशाच हातात राहिल्या.

सांगून झाल्यावर मला म्हणाल्या, “जाय, मुर्रा आन. अन् तू बी बस.” मी सूप भरून मुरमुरे आणले, तेल-तिखट लावून. सासूबाई भिंतीला पाठ लावून बसल्या, मूठ भरून घेतली आणि सगळ्यांसमोर खायला लागल्या.